आठ नंबरच्या मशिनवरची थंडी

"मॅडम, काढा मला. मी आता डायलिसिस घेत न्हाई," काशिनाथकाका दात वाजवत म्हणाले. सलग तिसऱ्या सोमवारी त्यांना थंडी वाजून ताप आला होता. या वेळी केदारखेड्याहून येताना त्यांनी घोंगडीच आणली होती.

त्यांच्या किडन्या निकामी आहेत. डायलिसिस सोडलं तर ते जगणार नाहीत. जालन्यातल्या त्या युनिटची मी इन्चार्ज.

त्यांचं ब्लड कल्चर निगेटिव्ह होतं, म्हणजे रक्तात जंतू नव्हते. "डायलिसिसच्या पाण्याचा रिपोर्टपण बिलकुल साफ," आमचा टेक्निशियन शकील म्हणाला.

"मग काका काय नाटक करताहेत?"

"गुरुवारी डायलिसिस करून मी चांगला गेल्तो," काका घोंगडीतून म्हणाले.

मी रजिस्टर काढून थंडी वाजलेल्यांची यादी केली. चार पेशंट, सगळे सोमवारचे, सगळे आठ नंबरच्या मशिनवरचे. ते मशिन बंद केलं आणि शकीलला विचारलं, "सोमवारी सकाळी काय करतोस?"

"रविवारी सुट्टी, पाणी थांबलेलं असतं. म्हणून लाईनमध्ये जंतू मारायचं औषध फिरवतो, धुतो, मंग पाण्याचं सॅम्पल घेतो."

"औषध आधी?"

"सॅम्पल खराब यायला नको ना."

पाण्याच्या कल्चरमध्येही फक्त जिवंत जंतू दिसतात. औषधाने जंतू मरतात, पण काही जंतूंच्या भिंतीचे तुकडे पाण्यात उरतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. ते मशिनच्या फिल्टरमधूनही रक्तापर्यंत पोचू शकतात. आपल्या पांढऱ्या पेशी भिंतीवरूनच जंतू ओळखतात. तो जिवंत की मेलेला, हे त्या विचारत नाहीत. सरळ धोक्याची सूचना देतात, आणि माणसाला हुडहुडी भरते.

आठ नंबरमागे जुन्या मशिनचा हातभर पाइप टोपण लावून तसाच सोडलेला सापडला. पाणी तिथेच साचत होतं, आणि रविवारभर त्यात जंतू वाढत होते. त्या पाण्यात एंडोटॉक्सिन लिमिटच्या बरंच वर निघालं. पाइप कापला, लाईन धुतली, पुन्हा टेस्ट केली; ती लिमिटच्या आत आली.

"काका, एक सोमवार या. थंडी वाजली तर मीच तुम्हाला एसटीत बसवून देते."

"बघा बरं, बोललात," काका म्हणाले.

ते घोंगडी घेऊनच आले. त्यांना आठ नंबरवरच लावलं. एक तास गेला. दोन गेले. जाऊन पाहिलं, तर घोंगडी घडी करून डोक्याखाली आणि काका घोरत होते.

आता सॅम्पल औषधाच्या आधी घेतो. रिपोर्ट पूर्वीइतके देखणे येत नाहीत. शकील तेवढ्यावर नाराज आहे.