जिताडा आढळला नाही

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ते काकाचं श्रेय. रोह्याजवळ खाडीकाठी भात पिकवून त्यानं मला पेणला शिकायला ठेवलं. मी मत्स्यव्यवसाय खात्यात कारकून झालो तेव्हा गावभर पेढे वाटले.

त्या वर्षी उधाणानं काकाच्या तळ्याचा बांध खचला. बांध दुरुस्त झाला नाही तर खारं पाणी भाताच्या शेतात शिरणार होतं. तळ्यात जिताडा मासा पाळलेला असेल तर खातं बांधाला मदत देई. अर्ज मीच लिहिला. जिताडा होता, खाडीतून आणलेलं पिल्लू काकानं चार वर्षं वाढवलं होतं. एकच उरलेला, पण हातभर लांब.

पाहणीला मुंबईहून मोठे साहेब आले. त्या सकाळी काका केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घेऊन विश्रामगृहाच्या दारात हजर. आमच्याकडे साहेबाला जिताडा पोचवायची रीतच आहे.

"काका, तळ्यातला आणलास? मग दुपारी दाखवणार काय?"

"साहेबाला काय बांगडा देऊ? अरं, खाल्ला म्हंजे बघितलाच की! पोटात गेलेला मासा नाय कोन म्हनंल?"

मला ते पटलं नाही, तरी मासा मीच आत नेला. साहेबांसाठी आपल्या घरून काही आलं, याचा मला अभिमानही वाटला. आज त्या अभिमानाची किळस येते.

साहेबांनी डोक्याचे काटेसुद्धा चोखले. बोटं चाटत विचारलं, "घरी न्यायला आणखी एखादा मिळेल?"

दुपारी ते तळ्यावर आले. नाकाला रुमाल आणि दातांत काडी. तीनदा जाळं ओढलं, चिल्लर मासळीच लागली. काका हात जोडून हसला.

"साहेब, तो सकाळीच आपल्या ताटात गेला."

साहेब ढेकर देऊन माझ्याकडे वळले. "लिहा. प्रत्यक्ष पाहणीत जिताडा आढळला नाही."

त्यांच्या तोंडाला अजून त्या कालवणाचा वास येत होता. काका माझ्या पेनाकडे बघत होता. मी सुवाच्य अक्षरात ते वाक्य लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे धरला.

अर्ज फेटाळला गेला. पुढच्या उधाणात शेत खारावलं. मी गावी गेलो तेव्हा माझी मान वर होईना.

काका म्हणाला, "तुझ्या नोकरीला काय झालं नाय ना? मंग जेवून घे."