बेचाळिसावा नंबर

फोन आला तेव्हा मी उदगीरला, आमच्या घराच्या गच्चीवर ऊन खात ज्वारी निवडत बसले होते. रविवार होता. सोनकांबळे सरांच्या मिसेसचा आवाज इतका शांत होता की मला आधी वाटलं, सरांचा उद्याच्या रजेचा निरोप असेल. "बाई, सर सकाळी उठलेच न्हाईत," त्या म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी हातात घेतला. मुखेडची एसटी मिळेपर्यंत दुपार झाली. वाटेत मला रडू आलं नाही, राग आला. राग हा माझा जुना आजार आहे, शाळेतली पोरंही सांगतील. आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली ते पाचवीची एकेचाळीस पोरं, मी मुख्याध्यापिका आणि ते. अकरा वर्षांत हा माणूस न सांगता एक दिवस गैरहजर राहिला नव्हता. आणि आता हे असं...

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते अजिबात आवडले नव्हते. आल्या आल्या त्यांनी शाळेमागच्या पडीक तुकड्यात शेवगा लावला आणि खिचडीत शेवग्याची पानं पडायला लागली. पोरं पानं वेचून ताटाच्या कडेला लावायची, मटकी तर सरळ मातीत. पोरांचा तरी काय दोष? फाटकासमोर बालाजीचं किराणा दुकान, दारालाच चटकदार पुड्यांच्या माळा टांगलेल्या. परिपाठालाच पोरांची बोटं पिवळी असायची, दुपारी भूक कुठून लागणार? मी खेकसायचे. सर खेकसले नाहीत. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखून रजिस्टरवर सही करायची असते. मी घाईत चमचाभर तोंडात टाकून मोकळी व्हायचे. ते मात्र पोरांसमोर मांडी घालून बसत, डोळे मिटून घास चावत, आणि पोरं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत. मग म्हणत, "आज मीठ बरोबर हाय." एवढंच. पण एवढ्यावर पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

पळायचं त्यांनी दुसऱ्या वर्षी काढलं. जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी सगळ्या शाळेनं मैदानाच्या पार टोकाला, ज्वारीच्या शेताच्या बांधावरच्या कडुलिंबापर्यंत पळायचं, लिंबाला हात लावायचा आणि लावताना आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा. पहिला आलेल्यानं एक, पुढच्यानं दोन. शेवटच्या पोराचा एकेचाळीस. पण तो शेवटचा नसायचा, कारण सर त्याच्या मागून यायचे आणि बेचाळीस म्हणायचे. पोर कितीही हळू पळो, चालो, रडो, सर त्याच्या मागंच. बेचाळीस झाल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही. पळतानाचा नियम एकच होता: मागं बघायचं नाही. मागं बघितलं की पाय अडखळतो, असं ते सांगायचे. आणि तशी गरजही नव्हती, कारण त्यांच्या डाव्या बुटाचा तळ सुटलेला होता. सुतळीनं बांधलेला तो बूट फटक, फटक वाजायचा. नवे बूट घ्या म्हणून मी किती डोकं फोडलं. सर हसायचे फक्त. पळून आलेल्या पोटाला मटकी गोड लागते, हे मात्र मला मान्य करावंच लागलं. ताटाच्या कडा स्वच्छ व्हायला लागल्या. बालाजीनंही पुड्यांच्या माळा आत नेल्या आणि दाराशी फुटाण्याची आणि गूळ-शेंगदाण्याची बरणी ठेवली, कारण त्याचीच ऋतुजा, आता चौथीत असलेली, कायम एकेचाळिसावी यायची. ती अंगानं जड. पहिलीत असताना पळायचं म्हटलं की दाराची चौकट धरून बसायची. सरांनी तिला कधी ओढलं नाही. ती सुटेपर्यंत तेही चौकटीपाशी उभे राहायचे.

आता जे सांगायला नको वाटतं ते सांगून टाकते. जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "बाई, आज पोरांच्या मागून तुम्ही जाता का? डावा हात जड वाटून राहिला." आणि मी हसून म्हणाले की माझे गुडघे मला शाळेपर्यंत आणतात हेच खूप झालं. ते हात झटकत मैदानात गेले. मी खिडकीतून फटक फटक ऐकलं, रजिस्टर लिहीत... माझं ते वाक्य मला जन्मभर पुरणार आहे.

त्यानंतर मी पळणं बंद केलं. मागून जाणारं कुणी नाही, पोरं पडली-झडली तर जबाबदारी कुणाची, असं कारण मी दिलं. आठवडाभर पोरं गुमान बसून जेवली. मटकी पुन्हा मातीत दिसायला लागली. मग एके दिवशी मी ऑफिसात असताना बाहेर एकदम गलका थांबला आणि दुरून आकडे ऐकू यायला लागले. कुणी सांगितलेलं नव्हतं, शिट्टी नव्हती. मी खिडकीपाशी गेले. भर बाराचं ऊन, वारा पडलेला, ज्वारीचं एक पान हलत नव्हतं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बऱ्याच वेळानं ऋतुजाचा एकेचाळीस. मग सगळं शांत. एकेचाळीस पोरं लिंबाकडे तोंड करून उभी, एकानंही मान वळवली नाही. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले असतील. आणि एकदम, कुणीतरी बस म्हटल्यासारखी, सगळी पोरं एका वेळी खाली बसली.

मी तशीच मैदानात गेले. मग नेहमीप्रमाणे राग आला. पोरांना रांगेत उभं करून विचारलं, कशाची वाट बघत होता? शेवटी ऋतुजाच म्हणाली, सर यायचे होते. मी विचारलं, तुला दिसतात का गं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू माझा प्रश्नच चुकला असावा. "मागं बघायचं न्हाई ना बाई," ती म्हणाली. "बूट वाजतो की."

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्याच दिवशी बालाजी आला. भला माणूस, पण चेहरा उतरलेला. म्हणाला, पोरगी घरीसुद्धा ओसरीवरून विहिरीपर्यंत पळते आणि तिथं थांबते. बायको भिऊन राहिली. सोमवारपासून व्हॅननं मुखेडच्या शाळेत घालतो. मला माहीत होतं, ऋतुजा गेली की तिच्या मागं आणखी दहा जातील, आणि त्या व्हॅनच्या शाळेत मैदान म्हणजे जिन्याखालची फरशी. सरांनी त्या पोरीला चौकटीपासून लिंबापर्यंत न्यायला दोन वर्षं घातली होती. मी म्हणाले, "बालाजी, सोमवारी ये. मी स्वतः मागून जाते. मागं कोण असतं ते मी तुला सांगते."

सोमवारी तो फाटकाशी उभा राहिला. मी साडी खोचली, गुडघ्यांना पट्टे बांधले. पोरं सुटली. पुढच्यांचे आकडे ऐकू यायला लागले तेव्हा मी आणि ऋतुजा निम्म्यावरही नव्हतो. ती माझ्या चार पावलं पुढं, घशातून शिट्टीसारखा श्वास. माझा जीव वर आलेला. डोळ्यांपुढं काजवे. मनात आलं, थांबावं, बसावं, काय लाज आहे? आणि तेव्हा माझ्या मागं... फटक. जरा वेळानं पुन्हा, फटक. माझ्याच चपलेचा आवाज असेल. मी स्वतःला हेच सांगितलं, आजही सांगते. पण चपला मी फाटकाशीच काढून ठेवल्या होत्या, हे मला परत येताना आठवलं.

मागं बघायचं, हेच तर मी ठरवून आले होते. नाही बघितलं. ऋतुजानं लिंबाला हात लावला. एकेचाळीस. मी पोचले, दोन्ही हात खोडावर टेकले आणि कसाबसा बेचाळीस म्हटला. कुणी बसलं नाही. पोरांच्या हातांनी त्या खोडाची साल गुळगुळीत झालेली आहे, पण सगळ्यांच्या वर, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, तळहाताएवढी एक वेगळी गुळगुळीत जागा आहे. माझे हात नेमके तिथंच होते. ऋतुजा झाडाकडेच बघत, अगदी हळू, मला लाज वाटू नये अशा बेतानं म्हणाली,

"बाई, जरा सरका. सरांना हात लावू द्या."

मी सरकले. पोरं बसली. मग मीही बसले आणि तीन आठवडे न आलेलं रडू तिथं, पोरांच्या मध्ये आलं.

फाटकाशी बालाजीनं विचारलं, काय म्हणता बाई, मागं कोण होतं? मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं की मी होते, माझ्या मागं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत शाळेसाठी मी बोललेलं हे पहिलं खोटं, किंवा खरं, मला ठाऊक नाही. व्हॅन आली नाही. ऋतुजा आहे. खिचडी आता मी मांडी घालून, डोळे मिटून चाखते. आणि रोज बारा वाजता सगळ्यांच्या मागून पळते. या वयात, या गुडघ्यांनी, गावात सगळ्यात हळू पळणारी मी असेन. पण लिंबाला हात लावताना खालची जागा धरते, नंबर म्हणते आणि लगेच बाजूला होते.