वसुधाची हजेरीवही

सोमवारी सकाळी साडेनऊला वसुधा शब्दांची हजेरी घ्यायची.

वही खरोखरच हजेरीची होती. शाळेत असते तशी लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तिचे वडील हैदराबादच्या मराठी शाळेत जन्मभर मास्तर होते, त्यामुळे नवी हजेरीवही जूनमध्येच आणायची असते हे तिच्या घरात ठरलेलं. दर जूनमध्ये ती सुलतान बाजारातून एक घेऊन यायची. डावीकडे मुलांच्या नावांच्या जागी शब्द: ब्रो, क्रिंज, स्ले, रिझ, लाइट लो. कवटीचं चित्र, जोडलेल्या हातांचं चित्र. उजवीकडे तारखा. आदल्या आठवड्यात मुलांनी तो शब्द ज्या दिवशी वापरला त्या दिवशी हजर, नाही तर गैरहजर. सलग महिनाभर गैरहजर राहिला की लाल शाईने ‘नाव कमी केले’. शेजारी तिची सही.

आमचं काम शाळकरी मुलांच्या शिकवणीच्या ॲपचं. मुलं चॅटवर शंका विचारतात, आम्ही नऊ जण माधापूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून उत्तरं लिहितो. ॲपवाल्यांचं म्हणणं असं, की उत्तर मुलांच्या भाषेत हवं, मास्तरांच्या भाषेत नको. मी या गटाची प्रमुख. वय एकोणपन्नास, मूळची पुण्याची, बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आले. मला याद्या करायची सवय आहे. दिवसाची यादी, आठवड्याची यादी, राहिलेल्या कामांची वेगळी यादी. कामावर खूण केली की मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं अर्धा ताससुद्धा टिकत नाही.

वसुधा आली तेव्हा एक्केचाळीसची होती. अंबरपेठेतून दोन बस बदलून यायची आणि रोज दहा मिनिटं आधी पोचायची. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही रोज सकाळी रागावून येता का?”

मी म्हटलं, असं का वाटतं?

“मला नाही वाटत. बाकीच्यांना वाटतं. तुम्ही ‘ओके’च्या पुढे टिंब देता. पंचविशीच्या आतले लोक टिंब दिलं की घाबरतात. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगितलं.”

दोन वर्षं मी गटातल्या तरुण मुलांना रोज सकाळी घाबरवत होते आणि हे मला तिसऱ्या दिवशी आलेल्या बाईने सांगितलं. मग तिने स्वतःबद्दलही तेवढ्याच सरळपणे सांगून टाकलं. तिला ऑटिझम आहे. कळलं छत्तिसाव्या वर्षी, भाचीची तपासणी चालली होती तेव्हा. डॉक्टरांनी भाचीबद्दल जे जे विचारलं, ते ते मावशीला लागू पडत गेलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, असं मी उगाच माहिती असल्यासारखं म्हटलं. ती म्हणाली, “तो शब्द नक्को. स्वतःत मग्न राहायला मला फुरसत कुठे आहे? मी दिवसभर तुमच्यातच मग्न असते.”

त्याच दिवशी ती आणखी एक गोष्ट बोलली. ही तिची चौथी नोकरी. “आधीच्या तिन्ही ठिकाणचे लोक चांगले होते. मला कळायचे नाहीत, एवढंच. मॅडम, इथे टिकायचंय मला.” मी ते माझ्या यादीत लिहून घेतलं. ‘वसुधा – टिकली पाहिजे.’

टिकण्याची तिची रीत म्हणजे ती वही. आमच्या गटातला प्रणीत तेवीस वर्षांचा, सादिया चोवीसची. नवा शब्द त्यांच्या तोंडात कुठून येतो आणि कधी शिळा होतो हे त्यांनाही सांगता येत नसे. वसुधाला ते सांगता यायचं, तारखेसकट. “तुम्हाला शब्द घरपोच येतात,” ती सादियाला म्हणायची, “मला जाऊन आणावे लागतात. मग पावती मी नीट ठेवणारच ना.” आम्ही बाकीची मोठी माणसं मुलांचे शब्द वापरायला गेलो की मुलं ‘आंटी प्लीज’ असं लिहायची. वसुधाला कधी कोणी आंटी म्हटलं नाही. एका मुलाने तर तिला विचारलं होतं, की तू कुठल्या कॉलेजात आहेस.

वहीचा उपयोग काय, हे मला एका मंगळवारी कळलं. एक मुलगी ‘मी संपले’ लिहून पुढे कवटी टाकत होती. मी घाबरून ॲपच्या समुपदेशकांना फोन लावायला निघाले. वसुधाने मान हलवली. कवटी म्हणजे हसून मेले, या महिन्यात रोज हजर आहे, फिकीर नक्को. आणि तीच मुलगी दीड महिन्याने एका दुपारी लिहिते, ‘ठीक आहे. समजले. धन्यवाद.’ आम्हाला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. वसुधा खुर्चीतून उठली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासत, अस्वस्थ झाली की ती तसं करायची, म्हणाली, “आज हिचा एकही शब्द हजर नाही. आत्ता फोन करा.” फोन केला. मुलगी सकाळपासून खोलीचं दार लावून बसली होती, निकाल लागला होता, घरात आजोबांशिवाय कोणी नव्हतं. समुपदेशक तासभर तिच्याशी बोलल्या, मग वडील पोचले. त्या दिवसापासून वसुधाच्या वहीला ऑफिसात कोणी हसलं नाही. निदान माझ्यासमोर तरी.

मग ॲपवाल्यांची तपासणी आली. नव्या लोकांना शिकवायला काही लिखित साधन आहे का, असा त्यांचा प्रश्न होता, उत्तर शुक्रवारी हवं होतं. माझ्या यादीत त्या गुरुवारी चौदा कामं होती. मी वसुधाकडे वही मागितली. तिने मागची पानं एकदा चाळली, मग दिली. “पुढच्या पानांचे फोटो घ्या. मागची पानं माझी आहेत, ती नक्को.” मी हो म्हटलं.

मी दुपारी फोन कानाशी धरून, खांदा वर करून, दुसऱ्या फोनने एकेक पान टिपत गेले. कोणाशी तरी खुर्च्यांच्या ऑर्डरबद्दल बोलत होते. वही संपता संपता अक्षरं उलटी दिसायला लागली. वही पालथी करून मागून लिहिलेली ती पानं होती. उलटी आहेत हे मला दिसलं. हात थांबला नाही. फोनमधलं ॲप उलटी पानं आपोआप सरळ करतं, एवढंच मनात आलं. सगळ्याची एक फाइल केली, ॲपवाल्यांना पाठवण्याआधी सगळ्यांनी बघावी म्हणून गटाच्या ग्रुपवर टाकली, यादीत खूण केली आणि जेवायला गेले.

मागच्या पानांवर आम्ही होतो.

प्रत्येकाला एक पान. सादिया: ‘हाहा म्हणजे ऐकलं नाही. हाहाहाहा म्हणजे खरंच हसली. मेसेज उडवून परत लिहिला तर घरी काहीतरी झालंय, चहा विचारणे.’ प्रणीत: ‘सगळ्यांना ब्रो म्हणतो. मला अक्का म्हणतो तेव्हा ठीक. अक्काजी म्हणतो तेव्हा माझी मजा चाललेली असते, इतर लोक वर बघत नाहीत. आपणही बघू नये.’ आणि मी: ‘बघते म्हणजे होणार नाही. छान म्हणजे वाचलं नाही. छान वसुधा म्हणजे वाचलं. दुपारी तीननंतर काही विचारू नये.’

मी परत आले तेव्हा खोलीत कोणी टाइप करत नव्हतं. प्रणीतचे कान लाल झाले होते. त्याला वाटत होतं की दोन वर्षं तिला काही कळत नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं, तारखेसकट. तो उठून तिच्याजवळ गेला आणि तसाच पुढे जाऊन पाणी प्यायला.

वसुधाने मला एवढंच विचारलं, सगळी पानं गेली का. मी हो म्हटलं. परत येतील का? मी फाइल उडवली होती, पण सगळ्यांची वाचून झाली होती. ती म्हणाली, “बरं,” आणि मुलांच्या उरलेल्या शंकांना संध्याकाळपर्यंत उत्तरं दिली. एकही चूक नाही.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. कोणी चिडलं नाही, आणि घात त्यानेच झाला. सगळे चांगलं वागायला लागले. सादिया प्रत्येक मेसेजच्या खाली लिहू लागली, ‘मी रागावलेली नाही हं.’ प्रणीतने चेष्टा करणंच सोडलं, अर्जाच्या भाषेत लिहू लागला. आणि मी ‘बघते’च्या जागी चार-चार ओळी लिहायला लागले, त्याही दोनदा वाचून. प्रत्येक जण आपापल्या पानापासून पळत होता.

सोमवारी साडेनऊला तिने वही उघडली. पुढची पानं भरली. मग वही पालथी केली आणि पेनाला टोपण लावलं. मी जवळ गेले. तिने वर न बघता सांगितलं, “चार दिवसांत सगळ्या लोकांची भाषा बदलली. मुलांची बदलते तेव्हा सबर करते मी, महिन्याभरात सापडते. पण हे लोक मला बघून बदलून राहिलेत. मॅडम, दोन वर्षांनी मला परत पहिलीत बसवलं तुम्ही.”

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागले. माफी मागितली, आधी एकटीकडे आणि मग सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोरची तिला नको होती, हे मला आधी विचारायला सुचलं नाही. बैठक घेतली, सर्वांनी पूर्वीसारखं लिहावं असं सांगितलं. सांगून कोणी पूर्वीसारखं लिहितं का? प्रणीतने प्रयत्न केला बिचाऱ्याने. एकदा ‘अक्काजी’ लिहिलं, तेही मुद्दाम, तिला ओळखीचं काही दिसावं म्हणून. ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं की ही मजा आहे की मदत आहे. तो म्हणाला, “मदत आहे, अक्का.” ती म्हणाली की मग हिच्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

ती जिन्यात बसून डबा खाऊ लागली. घासून घासून तिच्या बोटांचं कातडं निघालं. मी रोज घरी जाताना ठरवायचे, उद्या काहीतरी करायचं, आणि रोज सकाळी यादीत ‘वसुधा’ एवढंच लिहायचे. पुढे काय लिहावं ते सुचत नसे. मी खुर्चीत बसूच शकत नव्हते. पाणी आणायला उठायचे, खिडकी लावायचे, परत उघडायचे.

तिसऱ्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. एक ओळ. ‘मला इथली माणसं कळेनाशी झाली आहेत, म्हणून मी जात आहे.’ मनुष्यबळ विभागाने मला विचारलं, कारणाच्या यादीतलं कुठलं कारण टाकू. मी म्हटलं, तिने लिहिलंय तेच.

पंधरा दिवसांनी मी अंबरपेठेला तिच्या घरी गेले. जायच्या आधी बोलायचे मुद्दे लिहून काढले होते, सात होते. पहिल्या मजल्यावरचं घर. दार तिच्या आईने उघडलं. माझं नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्हीच का त्या,” आणि वाट दिली. वसुधा खिडकीजवळ टेबल मांडून बसली होती. मालिकांच्या खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी तपासायचं काम घरून मिळालं होतं. “इथे माणसं नाहीत, ओळी आहेत,” ती म्हणाली. “पैसे कमी, पण कोणी बदलत नाही.” मग थोड्या वेळाने, “पण तिथलं बरं होतं. मला तिथे टिकायचं होतं.”

माझे सातही मुद्दे तिथेच गेले. मी विचारलं, “तुम्ही रागावलात ना माझ्यावर?”

“हौ.”

एवढ्या वर्षांत मी कितीतरी जणांना हा प्रश्न विचारला आहे. बहिणीला, नवऱ्याला, ऑफिसातल्यांना. सगळे म्हणाले, छे, तसं काही नाही.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खरोखर विचार करून, बसच्या वेळा सांगाव्या तसं सांगितलं, “जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर नुमाइशचं प्रदर्शन लागतं ना, तोपर्यंत राग राहील असं वाटतं. मग कमी होईल. नुमाइश उघडली की या. आत्ता चहा करते, पण बोलणं नक्को.”

तिने चहा केला. आम्ही दोघी न बोलता प्यालो. आई आतून मधूनमधून डोकावून गेल्या. मी कप धुवायला उठले तर तिने मान हलवली, म्हणून परत बसले. निघाले तेव्हा तिने जिन्यातला दिवा लावला.

आता डिसेंबर उजाडला आहे. घरी जायला मला नामपल्लीचा रस्ता लागत नाही, तरी मी तिकडून जाते. नुमाइशच्या मैदानाच्या फाटकाशी रिक्षा हळू घ्यायला सांगते. परवा आत गाळ्यांना रंग चालला होता, पाळण्याचे लोखंडी भाग जमिनीवर पसरले होते. रिक्षावाल्याने विचारलं, अम्मा, किसी कू ढूंढ रहे क्या? मी म्हटलं, नही, कब खुलता देख रही.