शेवटच्या सीझननं बाबाले मास्क घालाले लावला

रोबोटवाल्या ॲनिमेचा शेवटचा सीझन फसला म्हणून ग्रुपवर रडून राह्यलेल्यांनो, आमच्या आर्णीकडचं ऐका.

कपाशीवर फवारणी करताना बाबा कधीच मास्क, हातमोजे घालत नव्हते. "मले काय होते?" हे ठरलेलं उत्तर. औंदा फवारणीचं औषध चढून गावातले दोघं दवाखान्यात भरती झाले, तरी तेच.

काल सायंकाळी बाबानं माझ्यासोबत शेवटचा भाग पाह्यला. रोबोटाचा पायलट असलेला हिरो आत चढायच्या आधी सूट घालते, हेल्मेट लावते. बाबा म्हणाले, "एवढा शूर गडी, पण उघडा नाही निघत."

आज सकाळी बाबा पाठीवर पंप घेऊन निघाले. मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं! बांधावरून हात उंच करून ओरडले, "पायलट तयार हाये!"

आता म्हणा, शेवट फसला?