निळ्या रंगातला उंबरा

ट्रक निघायच्या आधी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराचं दार काढलं, वासे काढले, कौलं उतरवली. दगडी उंबरा तेवढा ठेवला. धरणाचं पाणी येणार आणि वाडी बुडणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. आई वैतागली, "त्यो बी घ्या की." दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. परत आलो तर पाय कुठं ठिवायचा?"

वाडीतल्यांनो, तुम्ही कुठं कुठं पांगलात. आम्हाला पेठ गावाजवळ जागा मिळाली. भात लावणारी माणसं आम्ही, तिथं बटाटा शिकलो. मी लग्न होऊन भोसरीला आले, सहाव्या मजल्यावर. आई गेल्यावर दादांना घेऊन आले. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं?" असं रोज म्हणत ते चार वर्षं राहिले.

माझी सई चौथीत. माहितीचं पुस्तक कसं वाचायचं, हे तिच्या मिसनी शिकवलं. आधी शीर्षकं बघायची, चित्राखालची ओळ वाचायची, ठळक शब्द हेरायचे, नकाशातल्या खुणा समजून घ्यायच्या, आणि हवं ते मागच्या सूचीत शोधायचं. घरी येऊन ती आजोबांची मिस झाली. दादांना लई गंमत वाटली. म्हणाले, "म्हंजी पुस्तकालाबी दारं-खिडक्या आसत्यात."

एकदा तिनं आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांचं पुस्तक आणलं. दादा सरसावून बसले. "बघ बरं, आपली वाडी." सईनं सूचीवरून बोट फिरवलं. वाडी नव्हती. मग दादांनीच नकाशात घोड नदी धरली आणि अंगठा टेकवला.

"आजोबा, तिथे गाव नाहीये. निळा म्हणजे पाणी. हे बघा, खुणांमध्ये लिहिलंय."

"बराबर हाय बाय तुझं," दादा म्हणाले. चष्मा काढून ठेवला. पुन्हा ते पुस्तक त्यांनी मागितलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण लेकराला काय बोलणार?

यंदा दादा गेले. अस्थी घेऊन आम्ही धरणावर गेलो. समोरच्या डोंगराच्या खुणेवरून मी घराचा अंदाज घेत होते, पण पाण्यावर काही कळेना. खूप रडले. सई म्हणाली, "आई, घर नक्की कुठे होतं?" मी अंदाजानंच हात केला आणि तिथंच अस्थी सोडल्या.

गाव विचारलं की इतकी वर्षं मी पेठ सांगायचे. आता वाडीचं नाव सांगते. कुणी ऐकलेलं नसतं.

घरी आल्यावर सईनं त्याच पुस्तकाच्या नकाशातल्या निळ्यात पेन्सिलीनं छोटं दार काढलं, आणि खुणांच्या चौकटीत लिहिलं, 'आजोबांचं घर'.

"दार खोड," मी म्हणाले. "दार आम्ही आणलं होतं. उंबरा काढ."

तिनं दार पुसलं आणि पाण्यात एक आडवी रेघ ओढली.