पाटीचं परीक्षण
डिंकाचा वास आला की आमच्या हिंदीभाषक शहरातल्या फ्रीगंज बाजारातलं भाड्याने कॉमिक्स देणारं दुकान आठवतं. केबल नुकती घरोघरी येत होती, मी कॉलेजात होतो आणि वाचलेल्या प्रत्येक सुपरहिरो कॉमिकच्या मागच्या पानावर माझं परीक्षण चिकटवूनच कॉमिक परत करायचो. एकदा एका कॉमिकच्या पहिल्या भागावर उत्साहाने दुसऱ्या भागाचा शेवटच लिहून बसलो. मग दुसरा भाग कोणी नेईना. दुकानदार म्हणाला, “भैया, ये चिपकाना बंद करो, नहीं तो कॉमिक नहीं मिलेगी.” दुसरं दुकान मला परवडणारं नव्हतं, तरी म्हटलं, “सेठ, एंड नहीं लिखूँगा, पर घटिया को घटिया तो लिखूँगा.” दुसऱ्या दिवशी दारावर पाटी: ‘चिपकाने वालों को कॉमिक नहीं मिलेगी.’ मी तिच्याखाली त्या पाटीचंच परीक्षण चिकटवलं, ‘कहानी कमजोर, विलेन उससे भी कमजोर.’ त्यानंतर तिथे मला एकही कॉमिक मिळालं नाही. पण त्या परीक्षणातला एक शब्दही मी आज बदलणार नाही.