बिलियर्डखालचं स्टेज

हेगमध्ये आमच्या फ्लॅटखाली एक कॅफे आहे. इथे कॅफे म्हणजे बिअरचा अड्डा, कॉफी नावाला. कोरोनात तो बंद पडला तेव्हा सत्तरीच्या मालकीणबाई दुपारी दारात खुर्ची टाकून बसायच्या, आणि भाजी घेऊन येताना मी लांब उभी राहून त्यांच्यावर माझ्या डचचा सराव करायचे. मागच्या खोलीत एकेकाळी म्युझिक हॉल होता, हे मला तिथेच कळलं. गाणी, नकला, जादूचे खेळ, आणि समोर बिअर पिणारं पब्लिक.

"सासू सांगायची," बाई म्हणाल्या. "पण राणी इथे येऊन बिअर पिऊन गेली, असंही ती सांगायची."

त्या खोलीत भिंतीलगत एक बुटका लाकडी ओटा होता. त्यावर गालिचा, गालिच्यावर बिलियर्डचं टेबल. ओटा बिलियर्डसाठीच बांधला, असं सगळे म्हणत. मे महिन्यात जाहीर झालं की जूनपासून कॅफे उघडतील, पण टेबलांमध्ये दीड मीटर अंतर हवं. बाईंनी बिलियर्ड विकून टाकलं आणि ओटा तोडायला सुतार ठरवला. त्यांची म्हातारी गिऱ्हाइकं ओट्यावर चढणार नव्हती.

"पण ते स्टेज असेल तर?" मी विचारलं.

"तर दाखव. शुक्रवारी सुतार येतोय."

घरी नवरा दोन मीटिंगांच्या मधे म्हणाला, "अगं, त्यांचा कॅफे, त्यांचा ओटा. तुला काय पडलंय?"

"मी इतिहासात बी.ए. आहे."

"ते मला लग्नाआधीपासून ऐकू येतंय."

येऊ दे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. वडील तालुक्याच्या नाट्यगृहात पडदा ओढायचे आणि माझी पदवी त्यांनी तिथल्या प्रत्येक नटाला सांगितली होती. या देशात ती मला कुणी विचारलीच नव्हती. मग मीच ती वापरायचं ठरवलं.

पुराभिलेखागाराला ईमेल केला. उत्तर आलं, या पत्त्यावर फक्त दारूचा परवाना सापडतो, वाचनकक्ष बंद आहे. म्हणजे जे काही मिळणार ते त्या खोलीतच. मास्क लावून मी भिंती ठोकून पाहिल्या, वॉलपेपरचे कोपरे उचकटले. छतात एक जाडजूड आकडा दिसला आणि माझा जीव हरखला. "पडद्याचा असणार!"

"हॅम टांगायचा, डुकराची तंगडी," बाई म्हणाल्या. "मीच लावलाय."

राहता राहिला ओटा. चढण्याआधी मी बूट काढले. स्टेजवर पायताण घालून कुणी चढलं की वडील कुणाचीही भीड ठेवत नसत.

"अगं, काचा घुसतील! इथे रोज ग्लास फुटायचे!" बाई ओरडल्या.

पण पाय अनवाणी होते म्हणूनच कळलं. पुढच्या कडेपासून वीतभर आत एक फळी किंचित दबली. शेजारची दबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच प्रकार. बाईंनी स्वतः पक्कड आणून गालिच्याचे खिळे उपटले. खाली बिजागऱ्यांची अरुंद झाकणं होती. एक उचललं. आत पत्र्याची पन्हळ, काजळीनं काळी, आणि तिच्यातून गेलेली गॅसची नळी. नटांच्या चेहऱ्यावर खालून उजेड पाडायचे दिवे.

"बिलियर्डला पायाशी दिवे कशाला लागतील?" मी म्हणाले.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि काजळीला बोट लावून बघत राहिल्या. "म्हणजे म्हातारी खोटं बोलत नव्हती."

"राणीचं मला माहीत नाही."

त्या हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "टेबलं मात्र मला लागणारच. ती नाही मांडली तर कॅफेच राहायचा नाही."

ते खरं होतं. तरी मी पूर्ण ओटा मागितला. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी डावा अर्धा भाग ठेवायचा, उजवा काढायचा, असं ठरलं. मधोमध मी खडूनं रेघ मारली.

शुक्रवारी सुतारानं रेघ पाहिली आणि मान हलवली. "आणखी थोडं, त्या खांबापर्यंत घेतो. काम सोपं होईल."

"नाही," मी म्हणाले.

"भुसा उडेल, मॅडम. बाजूला व्हा."

मी ठेवायच्या डाव्या अर्ध्यावर जाऊन उभी राहिले. त्यानं बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.

"ती म्हणते तिथूनच काप," बाई म्हणाल्या.

करवत सुरू झाली. उजवीकडची झाकणं एकेक करून सुटली, पन्हळ कर्कश आवाज करत तुटली. बघवत नव्हतं, पण शेवटची फळी निघेपर्यंत मी तिथून हलले नाही.